शेजाऱ्याकडे आधी काहीतरी मागा

प्रश्न थोडक्यात असा: 'पुण्याहून कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहायला येऊन आम्हाला १४ महिने झाले. जुनं घर आणि भोवतीची जमीन घेतली. दोघंही घरून काम करतो, मुलगी गावच्याच शाळेत सहावीत आहे. शाळेला दोन संगणक दिले, कचऱ्यावर माहिती दिली, लावणीला आलेल्या बायकांना ४०० ऐवजी ६०० रुपये रोज दिला. लोक हसून बोलतात, पण घरी कोणी येत नाही. जत्रेला कोणी बोलावलं नाही. शेजारची गुरं आवारात शिरतात म्हणून ग्रामपंचायतीत तक्रार दिली, तेव्हापासून तर सगळेच गप्प. आम्ही मोकळ्या मनाचे आहोत, पण गाव मोकळं होत नाही. आम्ही इथे कायमचे पाहुणेच का?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात 'दिला', 'दिली', 'दिले' पुन्हा पुन्हा येतं. 'घेतली' एकदाच येतं, आणि तेही जमिनीबद्दल. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. पण मला स्वतःला ते कळायला तीन पावसाळे लागले, म्हणून उलगडून सांगते.

मी गुरांची डॉक्टर. डोंबिवलीत वाढले, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९९७ साली मालवण तालुक्यातल्या एका गावात बिऱ्हाड केलं. 'बाईलमाणूस गोरवांक काय बघतला!' असं पहिल्या आठवड्यात माझ्यामागे बोलून झालं. मग दोन अडलेल्या म्हशी मोकळ्या केल्या आणि ते बोलणं थांबलं. कामाची अडचण कधीच नव्हती. रात्री दोनला बॅटरी घेऊन बोलवायला येत. पण चहा गोठ्याच्या दारातच मिळे. हात धुतले, पैसे दिले, 'येतास मा?' म्हणजे निघा आता. दोन वर्षं मी हे गावाच्या तुसडेपणात जमा केलं होतं.

पहिल्याच वर्षी शेजारच्या काकी कुळथाची पिठी घेऊन आल्या होत्या. वर्तमानपत्राची पुडी, वरून सुतळी. त्यांचं घर कसं चालतं ते मला दिसत होतं, त्यामुळे मी अगदी प्रेमाने म्हटलं, 'अहो, राहू दे तुमच्याकडेच, मला कशाला?' त्या हसल्या आणि पुडी घेऊन परत गेल्या. त्यानंतर त्यांच्या गाईला इंजेक्शन द्यायला गेले की पदराची गाठ सोडून त्या पैसे मोजून हातावर ठेवायच्या. मी नको म्हटलं की आणखी घट्ट धरायच्या. मला वाटायचं, काय ही ताठ बाई!

तिसऱ्या पावसाळ्यात मला लेप्टो झाला. गुरांच्या मुतातून, चिखलातून होणारा आजार, आमच्या धंद्यातला आणि भातशेतीतलाही. पोटऱ्या अशा दुखत की खाटेवरून पाय खाली सोडवत नव्हता. सहा दिवस इस्पितळात काढून घरी आले तेव्हा चुलीपर्यंत जायची ताकद नव्हती. ११ दिवस काकी सकाळ-संध्याकाळ उकड्या तांदळाची पेज आणत होत्या, वर आंब्याच्या लोणच्याची एक फोड. माझी गाय कोण दोहत होतं ते मला चौथ्या दिवशी कळलं. गळणारी कौलं कोणी सारखी केली ते आजही माहीत नाही, विचारलं तर सगळे दुसऱ्याचं नाव सांगतात. बरी झाल्यावर मी काकींना पिठीची आठवण काढून माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'तुमी आमचा काय घेणास नाय, मगे आमी तुमचा कसा घेवचा?'

तुमच्या पत्राचं निदान या एका वाक्यात आहे. जो नुसता देतो तो गावात वरच्या पायरीवर जाऊन बसतो. त्याच्याकडे लोक मदतीला जातील, हात जोडतील, पण गजाली, म्हणजे गप्पा, मारायला जाणार नाहीत. गावातल्या दोन घरांमध्ये कायम काहीतरी येणंजाणं लागतं आणि ते कधीच पुरतं फिटलेलं नसतं. फणसाचे चार गरे आले, वाटीत काहीतरी घालून वाटी परत गेली. वाटी रिकामी परत द्यायची नाही हे तुमच्या आईनेही तुम्हाला शिकवलं असेल. पण त्यातली दुसरी गोष्ट शहरात विसरली जाते: वाटी त्याच दिवशीही परत द्यायची नाही. त्याच संध्याकाळी ड्रायफ्रुटचा बॉक्स पाठवणं म्हणजे हिशोब मिटवणं. आठ दिवस वाटी तुमच्या फळीवर राहू दे. ती न्यायला कोणी येईल, 'माझी वाटी खंय गेली गो?' म्हणत, आणि मग टेकेल. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना जाणाऱ्या-येणाऱ्याने दोरीला हात लावला तरी त्याला चार बांगडे मिळतात. ते न घेता निघून जाणारा माणूस कोणाला आवडत नाही.

आता मजुरीचं. ६०० रुपये तुम्ही चांगल्या मनाने दिलेत, पण तो आठवडा आठवा. पाऊस लागलाय, तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, वाढून चाललाय, सगळ्या वाडीची लावणी एकदम आलीय. दोन बायका शेजारच्या शेतातून उठून तुमच्याकडे आल्या असतील. शेजाऱ्याचा तरवा जून झाला, पुढच्या दिवशी त्यालाही वाढीव दर मागितला गेला. वर्षाला दोन खंडी भातही न पिकवणाऱ्या घराला तो परवडत नाही. मजुरी कमी आहे हे तुमचं म्हणणं रास्त आहे, मलाही तसंच वाटतं. पण ते मेमध्ये, बी पेरण्याआधी चार घरांशी बोलून करायचं काम. जुलैमध्ये एकट्याने केलं की ती नासधूस दिसते. पुढच्या वर्षी दर गावचाच द्या, वर जेवण चांगलं द्या, आणि एक दिवस तुम्ही दोघं त्यांच्या शेतात वाकायला जा. तुमच्या रांगा वाकड्या येतील आणि वर्षभर त्याच्यावर विनोद होतील. होऊ देत.

घराबद्दल तुम्ही फारसं लिहिलेलं नाही, पण मला सगळ्यात जास्त शंका तिथेच आहे. तुमच्या यजमानांच्या घराण्यात साताऱ्याकडचा सातबारा होता, म्हणून तुम्हाला शेतजमीन घेता आली, असं तुम्ही लिहिलंय. ते कायद्याचं झालं. आता त्याच जमिनीचे जुने फेरफार काढून नावं वाचा. कोकणात एका सातबाऱ्यावर २०-२५ नावं असणं नवलाचं नाही. त्यातली अर्धी मुंबईला, काही वारलेली. विकणारा एक असतो आणि हळहळणारे दहा. वाटणी होऊन व्यवहार स्वच्छ झाला असेल, तरी एखादा चुलतभाऊ अजून त्या घराकडे बघून मान फिरवत असेल. तो राग त्याच्या भावावर असतो, वाटणीला तुम्ही येता.

आणि ते मूळ घर होतं का, एवढं विचारून घ्याच. मूळ घर म्हणजे जिथे साऱ्या भावकीचा एकच गणपती बसतो. मुंबईचे चाकरमानी चतुर्थीला जिथे उतरतात, माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या चौकटीला, कोणी कवंडळं आणतं, कोणी हरणं आणतं, ते घर. तुमच्या दिवाणखान्यात जिथे आता पुस्तकांचं कपाट आहे, तिथे पाच पिढ्या गणपती बसला असेल तर लोक पडवीत यायला का बिचकतात ते कळेल. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने अशा घरात एकच केलं. त्या भावकीतल्या सर्वांत वडील बाईंना घरी बोलावलं आणि विचारलं, 'इथे तुमचं काय काय असायचं, ते दाखवाल?' म्हातारी दोन तास भिंतींना हात लावत फिरली. देवघराच्या कोनाड्याशी रडली. पुढच्या चतुर्थीला भावकीने आरतीला त्या जोडप्याला बोलावलं. गणपती नव्या जागीच होता, तो काही परत आला नाही.

गुरांबद्दल मी जरा जास्त बोलेन, तो माझा प्रांत आहे. तुमच्या आवारात शिरलेली ती लहानखुरी, तांबूस-करडी गाय बहुधा आमची गावठीच, जिची आता 'कोकण कपिला' म्हणून अधिकृत नोंद झालीय. डोंगर चढते, कमी खाते, दूध लिटर-दोन लिटर. तिच्या दृष्टीने तुम्ही तिच्या वाटेत आलात. इथे भात उभं असेपर्यंत जमीन मालकाची. तेव्हा राखण असते, आणि जनावर शेतात गेलं तर भांडणं होतात, तुम्हीही खुशाल भांडा. कापणी झाली की गुरं सुटतात. मग पुढच्या पेरणीपर्यंत मळा सगळ्यांच्या गुरांचा. हे कुठल्याही सरकारी कागदावर नाही. काजूची कलमं वाढली तसा हा रिवाज मोडत चाललाय, आणि कलमवाले व गुरंवाले यांच्यातली धुसफूस गावात तुमच्या आधीपासूनची आहे. तुम्ही लेखी तक्रार दिलीत तेव्हा नकळत एका बाजूला जाऊन उभे राहिलात. त्या शेजाऱ्याला कोंडवाड्याची भीती घालण्याआधी 'तुमची कपिला आज आमच्या केळी खाऊन गेली, दूध तरी पाठवा' एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. अजूनही चालेल. तक्रार मागे घ्या, आणि ती मागे घेतल्याचं स्वतः जाऊन सांगा.

तुम्ही जांभ्या दगडाचा गडगा पुरुषभर उंच घातलाय, तारही ओढलीय. आधी तिथून कुठे पायवाट जात होती का? पाणवठ्याकडे, देवळाकडे, शाळेकडे? सातबाऱ्यावर अशी वाट सहसा दिसत नाही, ती वापरणाऱ्यांच्या पायांनाच ठाऊक असते. असेल तर गडगा तेवढ्यापुरता फोडा आणि तिथे बेडं घाला. दोन खुंट, तीन आडवे वासे. माणूस वासा सरकवून जातो, परत लावतो, जनावर बाहेर राहतं. तुम्हाला ते धोक्याचं वाटेल. पण रोज सकाळी सात माणसं तुमच्या अंगणाच्या कडेने 'काय, चाय झाली?' म्हणत गेली तर सहा महिन्यांत जे होईल ते दहा कार्यक्रमांनी होणार नाही. चोरीचीही काळजी कमी होते. वर्दळीच्या आवारात चोर येत नाही.

मोकळेपणाचं तुम्ही विचारलंय, तर पडवीचं सांगते. जुन्या घराला आधी खळं, म्हणजे अंगण, मग पडवी, मग लोटा, मग माजघर. खळ्यात कोणीही येतो: मासेवाली, पोस्टमन, मत मागणारा. पडवीत टेकतात ते ओळखीचे. लोट्यात पाहुणे. माजघरात घरचेच. कोणी कुठवर यायचं हे बोलून दाखवावं लागत नाही, घरच सांगतं. तुम्ही पडवीला सरकती काच लावून तिचं ऑफिस केलंत. डास, पाऊस, लॅपटॉप, कारणं सगळी खरी आहेत. पण आता तुमच्या घराला बाहेर आहे आणि आत आहे, मधलं काही उरलेलं नाही. येणाऱ्याला एकतर रस्त्यावरून हाक मारावी लागते, नाहीतर बेल वाजवून थेट तुमच्या आयुष्यात शिरावं लागतं. गावातला माणूस बेल वाजवत नाही, तो परततो. ऑफिस आतल्या खोलीत न्या. पडवीत एक बाकडं आणि पाण्याचा तांब्या ठेवा, आणि संध्याकाळी पाच ते सहा तिथे नुसत्या बसा. मोबाईलशिवाय. शेंगा सोला, काहीही करा, पण दिसा.

याची दुसरी बाजूही आहे. पडवी उघडी ठेवायची म्हणजे माजघर उघडं टाकायचं नाही. दारू पिऊन कोणी आला, किंवा यजमान घरी नसताना कोणी उगाच रेंगाळू लागला, तर सरळ 'आता जावा' म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला किंवा बायकोला सांगायचं. गावात याची लाज धरायची नसते. मी पहिली दोन वर्षं 'गावाला काय वाटेल' म्हणून एका इसमाला सहन करत होते. शेवटी काकींनीच त्याला झाडूने घालवला आणि मला ओरडल्या, की आधी का नाही सांगितलंस.

चौकशांचं म्हणाल तर त्या होणारच. पगार किती, मुलगी एकटीच का, सासू इथे का राहत नाही. शहरात असा प्रश्न म्हणजे आगाऊपणा. इथे तो ओळखीचा पहिला दगड. तुम्ही 'ते आमचं खाजगी आहे' म्हणून हसलात तर पाटी कोरी राहते, आणि कोरी पाटी गाव स्वतः भरतं. एका जोडप्याच्या बाबतीत 'नोकरी गेली म्हणून लपून राहिलेत' असं वर्षभर चाललं होतं. बिचारा भाषांतर करायचा, दिवसभर घरात असायचा, एवढंच. सगळं सांगू नका, पण काहीतरी खरं सांगा. 'कर्ज आहे अजून सात वर्षांचं', 'सासूबाईंशी माझं पटत नाही'. एखादी उणी बाजू सांगितली की समोरची बाईही तिची सांगते. तुमच्या पत्रात मला एकही उणी बाजू दिसली नाही. गावालाही दिसली नसेल. आणि नावं ठेवली, चिडवलं, तर आनंद माना. मालवणी माणूस परक्याशी अतिशय सभ्य वागतो. ज्या दिवशी पाठीमागचं टोपणनाव तोंडावर येतं, त्या दिवशी काहीतरी बदललेलं असतं. मला 'इंजेक्शन' म्हणतात.

जत्रेचा तुमचा राग मात्र मी मनावर घेत नाही. जत्रेला आमंत्रण नसतं! लग्नाला घरी येऊन सांगतात, बारशाला सांगतात. जत्रेला आणि मयताला कोणी बोलावत नाही, जायचं असतं. जत्रेला ओटी घेऊन रांगेत उभ्या राहा आणि रात्री दशावतार बघायला चटई घेऊन बसा. पहाटेपर्यंत. मध्येच उठून गेलात तर त्याचीही नोंद होते. देवळातल्या मानापानात मात्र पडू नका. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाच्या हातून, हे घराण्यांनी वाटून घेतलेलं असतं. त्यावरून कज्जे कोर्टात गेलेले आहेत. देणगी मोठी दिली म्हणून त्यात जागा होत नाही, उलट संशय येतो. जागा असते ती भजनात, सप्ताहाच्या पहाऱ्यात. रात्री दोन ते चारचा पहारा कोणालाच नको असतो, तो मागून घ्या. मागा हं, देऊ करू नका.

देवळात गाऱ्हाणं घालतात ते एकदा नीट ऐका. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर उभा राहून साऱ्या गावाच्या वतीने बोलतो: मुलाबाळांना राख, गोरवांना राख, मुंबईला गेलेल्यांना राख, चूक झाली तर पोटात घाल. प्रत्येक मागण्यामागून सगळे म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' तुमची श्रद्धा असो-नसो. मी नास्तिकच आहे म्हणा ना. पण 'व्हय म्हाराजा' मी मोठ्याने म्हणते, कारण त्यात माझी गोरवं येतात.

यावरून आचऱ्याची गावपळण आठवली. देवाचा कौल झाला की दर काही वर्षांनी आचरे गाव तीन दिवस तीन रात्री पूर्ण रिकामं होतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी वेशीबाहेर, झोपड्या-राहुट्यांमध्ये. जात-धर्म कुठलाही असो. अशा एका गावपळणीत मी वेशीबाहेरच्या झोपड्यांतून म्हशी तपासत फिरत होते. तिथे एक भाड्याने राहणारं घाटावरचं कुटुंब भेटलं, वर्षही झालं नव्हतं त्यांना. स्टोव्ह, दोन पातेली आणि पिंजऱ्यातला पोपट. मी विचारलं, 'तुम्हीही?' तर त्यांच्या आधी शेजारच्या झोपडीतली बाई बोलली, 'ती आमच्याच गावची.' नेहमीच्या दिवसांत हे वाक्य यायला किती वर्षं लागली असती कोण जाणे.

आता जरा अवघड बोलते. 'खंयचे तुमी? आडनाव काय?' हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारला गेला असेल. तो निम्मा कुतूहलाचा, निम्मा जातीचा. २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, पाट्या काही ठिकाणी बदलल्या, तोंडातली नावं बदलायला वेळ लागतोय. कोणत्या वाडीत तुम्ही चहा पिता, कोणाच्या लग्नात पंगतीला बसता, हे पाहिलं जातं. आणि एका वाडीला आपलं व्हायचं म्हणून दुसरीकडे न जाण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. आमच्या गावात खालच्या अंगाच्या वाडीत मी पेज प्यायले, तेव्हा एका घरातून निरोप आला, 'डॉक्टरणीन जरा बघून ऱ्हवचा.' मी वाद घातला नाही, भाषणही केलं नाही. पुढच्या आठवड्यात परत त्याच घरी गेले, पुन्हा प्यायले. निरोप पाठवणाऱ्या घराने आठेक महिने मला गोठ्यात बोलावलं नाही. मग त्यांच्या म्हशीला कासदाह झाला. ते घर आजही माझ्या फार जवळचं नाही. चालतं. सगळं गाव आपलं होईल ही अपेक्षाच चुकीची आहे, गावातल्या कोणाला तरी सगळं गाव आपलं वाटतं का?

सुधारणांचं म्हणाल, तर कचऱ्याचा कार्यक्रम वाईट नव्हता, लवकर झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. तो ठराव गावच्या पंचायतीचा होता, हे महत्त्वाचं. हेच पुण्याहून आलेल्या कोणी प्रोजेक्टर लावून सांगितलं असतं तर? बाहेरच्या माणसाला काहीच करता येत नाही असं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरचा माणूस वर्षानुवर्षं अभ्यासगटात बसला, प्रश्न विचारत राहिला. निर्णय मात्र ग्रामसभेचाच, तोही सर्वसहमतीने. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारलं, म्हणून तो झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. तुमच्या गावात प्लास्टिकचं काय होतं हे तुम्हाला कळायच्या आधी तुम्ही सांगायला उभ्या राहिलात.

म्हणून ग्रामसभेला जा. त्यासाठी नमुना ८ भरून मतदार यादीतलं नाव पुण्याहून गावात आणा. गावच्या यादीत नाव असलं की तुम्ही ग्रामसभेच्या सदस्य, तिथे कोणाची मेहेरबानी लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास नोटीस लागते. पहिलं वर्ष बोलू नका. कोण कोणाच्या नंतर बोलतं, कोण कोणाचं वाक्य पुरं करतं, कोण उठून बाहेर जातं, एवढं बघा. निवडणूक लागली की दोन्हीकडचे तुमच्या पडवीत येतील, तेव्हा दोघांनाही चहा.

मुलीची काळजी करू नका. ती पहिली मालवणी शिव्या शिकेल, मग भाषा. तुम्ही तिच्या मागून शिका, पण मुद्दाम नक्कल करून बोलू नका, ते कानाला बोचतं. आणि तिच्या मैत्रिणी घरी आल्या तर त्यांना चप्पल काढायला सांगून काचेपलीकडे रांगेत बसवू नका.

आज कार्तिक लागायला थोडे दिवस आहेत, म्हणून एक काम सांगून थांबते. पावसाने तुमचं खळं धुऊन गेलं असेल. (पेव्हर ब्लॉक घातले असतील तर तुळशीपुढचे तरी काढा.) या दिवसांत घरोघर खळं नव्याने करतात: माती उकरायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायची, दोन दिवस वाळवून शेणाने सारवायची. तुम्हाला ते येत नाही आणि तुमच्याकडे शेण नाही, हे उत्तम आहे. जिच्या गाईबद्दल तक्रार केलीत तिच्याचकडे जा आणि एक पाटी शेण मागा. सारवायचं कसं तेही विचारा, ती बहुतेक स्वतःच येईल आणि तुमचा हात बघून हसेल. पैसे देऊ नका.

मग तुळशीचं लग्न. संध्याकाळी सगळी वाडी एका खळ्यातून दुसऱ्या खळ्यात जाते, प्रत्येक तुळशीचं लग्न लावते. मंगलाष्टकं कोणाला पाठ आहेत ते पोरांना माहीत असतं. बोलावणं नसतं, पण सारवलेलं खळं आणि पेटलेली पणती दिसली की माणसं वळतात. ऊस, चिंच, आवळा आधी आणून ठेवा, अंतरपाट मुलीला धरायला द्या. चुरमुरे दोन किलो तरी असू देत, गेल्या वर्षी आमच्याकडे शेवटच्या पाच-सहा पोरांना पुरले नव्हते, आणि त्यांनी ते अजून विसरलेलं नाही.